एक दिवस अथेन्सच्या उन्हात



आमच्या दोघांत एक गवंडी आणि एक बालवाडीच्या बाई. दोघेही आता निवृत्त. परदेश हा शब्द आमच्या घरात मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकापलीकडे कधी गेला नाही. पण मुलगी परिचारिका झाली, नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात नातवाचे तोंड पाहण्यासाठी आम्हाला तिकडे जाण्याचा योग आला. तिथून मुलगी-जावयाने आम्हाला चार दिवस ग्रीस देशाची राजधानी अथेन्स येथे नेले. रात्रपाळ्या करून मुलीने त्यासाठी पैसे बाजूला टाकले होते, हे आम्हाला मागाहून कळले. त्या चार दिवसांतला एक दिवस आम्ही दोघांनीच हिंडून काढला. त्या दिवसाची ही हकिकत. या लेखात 'गवंडी' आणि 'बाई' असे जिथे येईल तिथे ती आम्हीच दोघे, असे समजावे.

तो दिवस बुधवार, १२ जून. आदल्या संध्याकाळी जावयांनी मोबाइलवर बातमी वाचून दाखवली. उष्णतेची लाट येत आहे, पारा चाळिशीला टेकणार, म्हणून अक्रॉपोलिसची टेकडी दुपारी बारा ते पाच बंद राहील. मुलगी म्हणाली, "बाळाला अशा उन्हात नेणे नको. आम्ही खोलीवर थांबतो. तुम्ही दोघे सकाळी लवकर जाऊन या." तिने मुक्कामाचा पत्ता एका चिठ्ठीवर ग्रीक अक्षरांत लिहून दिला. "पप्पा, हरवलात तर कुणालाही दाखवा." गवंड्याने चिठ्ठी खिशात ठेवली आणि त्याच खिशात एक कांदा टाकला. आमचे मूळ गाव विदर्भातले. उन्हात निघताना खिशात कांदा असावा, ही गवंड्याच्या आईची शिकवण. बाई हसल्या, पण कांदा बरोबर आला तो आलाच.

टेकडीवर

आमची खोली ओमोनिया चौकाजवळ होती. तिथून भुयारी रेल्वेने अक्रॉपोली हे तिसरे स्टेशन. रेल्वेसाठी खोदताना निघालेल्या जुन्या वस्तू स्टेशनातच काचेच्या कपाटांत मांडल्या आहेत. आपल्याकडे खोदकामात काही सापडले तर ते कुठे जाते, असा प्रश्न दोघांच्याही मनात आला. बाहेर कोपऱ्यावर एक माणूस तीळ लावलेली, कड्यासारखी गोल भाकरी विकत होता. तिला तिकडे कुलूरी म्हणतात. आम्ही दोन घेतल्या. प्रवेशाचे तिकीट तेव्हा माणशी २० युरो होते. दोघांचे ४० युरो म्हणजे सुमारे ३,६०० रुपये. जावयांनी ते आधीच काढून ठेवले होते म्हणून बरे. दारावर मोजून द्यायचे असते, तर बाई तिथूनच परत फिरल्या असत्या.

आठच्या सुमारास आम्ही चढू लागलो. मुंबईचे ऊन घामाचे असते. अथेन्सचे ऊन कोरडे. घाम दिसत नाही, पण ओठ फुटतात आणि घसा लाकडासारखा होतो. वाटेत उजेड चारी बाजूंनी येतो, कारण पायाखालचा दगडही पांढरा आहे. डाव्या अंगाला डायनिसस देवाचे जुने नाट्यगृह दिसले. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक नाटके इथे होत. पुढच्या रांगेत संगमरवरी खुर्च्या असून त्यांवर मानकरी पुजाऱ्यांची पदे कोरलेली आहेत. बाकीच्या जनतेने मागे चढत्या पायऱ्यांवर बसायचे. बाई म्हणाल्या, "म्हणजे पुढची रांग तेव्हाही राखीव होती."

वरच्या दाराच्या पायऱ्यांवर लाखो पावलांनी दगड गुळगुळीत झाला आहे. चप्पल घसरते. आम्ही एकमेकांचा हात धरून चढलो. आमच्या वयाची माणसे रस्त्यात हात धरून चालत नाहीत, पण तिथे कोणी ओळखीचे नव्हते. दारातून आत पाऊल टाकले आणि समोर पार्थेनॉन उभे राहिले.

हे अथेना देवीचे देऊळ. काम इ. स. पू. ४४७ मध्ये सुरू झाले आणि इ. स. पू. ४३२ मध्ये मूर्तिकामासह पुरे झाले. म्हणजे अवघी पंधरा वर्षे. बाहेरच्या बाजूला ४६ खांब, प्रत्येकाची उंची दहा मीटरांहून जास्त. दगड पेंटेलिकॉन डोंगरातला. तो शहरापासून सुमारे १६ किलोमीटर दूर आहे. पुढारी पेरिक्लीस, वास्तुकार इक्टिनॉस व कॅलिक्रॅटीस, आणि मूर्तिकामाचा प्रमुख फिडियस. ही माहिती बाईंच्या वहीत होती. निघण्याआधी महिनाभर त्यांनी वाचनालयात बसून टिपणे काढली होती. पैसा कुठून आला तेही वहीत होते. इराणच्या बादशहाविरुद्ध लढण्यासाठी दोस्त शहरांनी एकत्र केलेला खजिना इ. स. पू. ४५४ मध्ये अथेन्सला हलवला गेला आणि त्यातला पैसा पुढे या बांधकामाकडे वळला. या उधळपट्टीवर अथेन्समध्येच टीका झाली होती.

बाई वही वाचत होत्या आणि गवंडी दगड वाचत होता. खांब एकसंध नाहीत. एकावर एक दगडी चकत्या रचल्या आहेत, पण सांध्यात चुना नाही की माती नाही. नखही आत जाऊ नये इतका सांधा बसलेला. शेजारचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडून वर शिसे ओतलेले, म्हणजे पाणी लागून लोखंड गंजणार नाही. आणखी एक गंमत. गवंड्याने चौथऱ्याच्या कोपऱ्यावरून डोळा लावून पाहिले आणि म्हणाला, "अगं, ही पायरी सरळ नाही. मध्ये फुगीर आहे." वहीत तेच लिहिले होते. लांब बाजूला चौथरा मध्यभागी सुमारे ११ सेंटिमीटरने उचललेला आहे आणि खांब आतल्या अंगाला किंचित कललेले आहेत. ओळंबा लावला तर तो चुकीचा दिसेल, पण डोळ्याला इमारत सरळ वाटते. चाळीस वर्षे ओळंबा आणि गुण्या हातात धरलेल्या माणसाला जाणूनबुजून केलेली ही चूक पाहून काय वाटले असेल, ते सांगता येत नाही. तो बराच वेळ तिथेच उकिडवा बसून राहिला.

देवळाच्या पश्चिमेला तेव्हा परांची बांधलेली होती आणि आवारात क्रेन उभी होती. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने टाकलेला गोळा आत साठवलेल्या तुर्कांच्या दारूवर पडला आणि दोन हजार वर्षे टिकलेले देऊळ मधोमध फुटले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी दुरुस्ती केली, त्यांनी शिसे न लावता लोखंड वापरले. ते गंजले, फुगले आणि त्याने पुन्हा दगड फोडला. १९७५ मध्ये जाणकारांची समिती नेमली गेली. आता जुने लोखंड काढून टायटॅनियम ही न गंजणारी धातू घालतात. जिथे नवा दगड बसवला आहे तो पांढरा दिसतो, जुना दगड मधाच्या रंगाचा. गवंडी म्हणाला, "नवा माल जुन्यात लपवला नाही, हे चांगले केले. दुरुस्ती दिसली पाहिजे."

खेचराची पेन्शन आणि दगडावरची मजुरी

उत्तरेच्या बाजूला तटाशी थोडी सावली सापडली. तिथे बसून कुलूरी खाल्ली. बाईंनी वहीतली एक गोष्ट वाचून दाखवली. प्लुटार्क नावाच्या जुन्या ग्रीक लेखकाने ती नोंदवली आहे. या देवळासाठी दगड ओढणारी खेचरे होती. काम करून थकलेली काही खेचरे मोकळी सोडण्यात आली. त्यातले एक म्हातारे खेचर मात्र रोज आपणहून परत यायचे आणि ओझे ओढणाऱ्यांच्या पुढे पुढे चालत त्यांना जणू धीर द्यायचे. ते पाहून लोकांनी ठराव केला, या खेचराला मरेपर्यंत सरकारी खर्चाने खायला घालावे.

ऐकून आम्ही दोघेही हसलो. मग गवंड्याने विचारले, "आणि दगड चढवणाऱ्या माणसांना काय मिळाले?"

त्याचेही उत्तर वहीत निघाले. आम्ही बसलो होतो तिथून समोरच एरेक्थिऑन नावाचे दुसरे देऊळ दिसत होते. ते पार्थेनॉनपेक्षा लहान. त्याच्या बांधकामाचा हिशेब दगडावर कोरून ठेवला होता आणि त्याचे बरेच तुकडे सापडले आहेत. इ. स. पू. ४०९ नंतरच्या दोन-तीन वर्षांचा तो हिशेब आहे. कोणत्या कामगाराने कोणते काम केले, किती दिवस केले, त्याला किती दिले, सगळे नावानिशी. आपण ज्याला मस्टर म्हणतो तेच, पण संगमरवरावर कोरलेले. मजुरी दिवसाला एक द्राख्मा. लाकूड कापणाऱ्याला एक द्राख्मा आणि देखरेख करणाऱ्या वास्तुकारालाही दिवसाला एकच द्राख्मा.

या हिशेबातल्या ज्या ८६ माणसांचा दर्जा ओळखता येतो त्यांत अथेन्सचे नागरिक २४, बाहेरून येऊन राहिलेले परके ४२ आणि गुलाम २० आहेत. म्हणजे जिला अथेन्सची शान म्हणतात त्या इमारतीवर चारांतले जवळजवळ तीन जण असे होते, ज्यांना अथेन्सच्या कारभारात तोंड उघडण्याचा हक्क नव्हता. आणि तरीही एका कामाला एकच दर. नागरिकाला जेवढी मजुरी, तेवढीच गुलामाला.

गवंड्याला हे फार आवडले. तो म्हणाला, "आपल्या नाक्यावर तर बाईमाणसाला पुरुषापेक्षा कमी देतात." बाईंनी पुढची ओळ वाचली. गुलामाच्या नावासोबत त्याच्या मालकाचे नाव कोरलेले आहे. मजुरी कागदावर गुलामाची, पण तिच्यावर हक्क मालकाचा. मग गवंडी काही बोलला नाही.

अथेन्सची खरी संपत्ती होती लॉरिऑनच्या चांदीच्या खाणी. शहराच्या दक्षिणेला समुद्राकडे त्या खाणी होत्या आणि तिथे जमिनीखाली गुलाम राबत. निकियस नावाच्या एका सेनापतीने आपले एक हजार गुलाम या खाणींसाठी भाड्याने दिले होते, असे झेनोफन हा ग्रीक लेखक सांगतो. भाडे माणशी दिवसाला एक ओबोल, म्हणजे द्राख्म्याचा सहावा हिस्सा. त्या हजार जणांचे मस्टर कोणी दगडावर कोरले नाही.

बाराची शिट्टी

साडेअकराला पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या वाजू लागल्या. सगळ्यांना खाली उतरायचे होते. तोवर ऊन असे झाले होते की दगडाला हात लावता येईना. नळावर रांग लागली होती. आम्ही बाटल्या भरल्या, ओढणी भिजवून डोक्यावर घेतली, गवंड्याने रुमाल. एक गोरी तरुण मुलगी भोवळ येऊन पायरीवर बसली होती. बाईंनी तिला आमच्याजवळचे मीठ-साखरेचे पाणी दिले. भाषा कळत नव्हती, पण बालवाडीत तीस वर्षे काढलेल्या बाईंना त्याची अडचण आली नाही.

खाली दाराशी एक प्रौढ पहारेकरी सावलीत उभा होता. त्याला थोडे इंग्रजी येत होते, बाईंनाही थोडे येते. त्याने सांगितले की आदल्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, असेच ऊन पेटले होते. तेव्हा तर इथल्या कामगारांच्या संघटनेने रोज चार तास काम बंद ठेवले. पर्यटकांना सावली हवी, तशी पहारेकऱ्यालाही हवी. ग्रीसमध्ये अशा लाटेत भर दुपारी उघड्यावरची अंगमेहनतीची कामे थांबवण्याचे सरकारी आदेशही निघाले आहेत. गवंड्याने त्या माणसाशी हस्तांदोलन केले. ते कशासाठी, हे त्याला कळले नसावे.

डोक्यावर छत घेतलेल्या मुली

दुपार आम्ही टेकडीच्या पायथ्याच्या अक्रॉपोलिस संग्रहालयात काढली. २००९ मध्ये उघडलेली ही इमारत आतून गार आहे, हे त्या दिवशी तिचे पहिले मोठेपण. दुसरे मोठेपण पायाखाली. इमारतीसाठी खोदताना जुन्या वस्तीचे अवशेष लागले. ते पुरून टाकले नाहीत. इमारत खांबांवर उचलून घेतली आणि जमिनीला जागोजागी काच बसवली. खाली गल्ल्या, विहिरी, गटारे, घरांच्या भिंती दिसतात. २०१९ पासून खाली उतरूनही पाहता येते. खोल्या लहान, गल्ली अरुंद, पाण्याची सोय दाराशी. बाई म्हणाल्या, "देवळात देवी राहायची. माणसे इथे राहायची." आम्हाला तर ती आमच्या चाळीसारखीच वाटली.

सर्वांत वरच्या मजल्यावर पार्थेनॉनच्या भिंतीवरची मिरवणुकीची पट्टी आहे. मूळ लांबी १६० मीटर. घोडेस्वार, वाजंत्री, बळीची जनावरे, खांद्यावर पाण्याच्या घागरी घेतलेले तरुण. त्यांतल्या पन्नासेक मीटर पट्ट्या इथे आहेत. त्याहून मोठा हिस्सा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिन नावाच्या ब्रिटिश वकिलाने तो उतरवून नेला. जिथे मूळ नाही तिथे पांढऱ्या प्लॅस्टरची नक्कल लावली आहे. मधाळ दगड आणि पांढरे प्लॅस्टर असे आलटून पालटून पाहताना, काय नेले याचा हिशेब कोणी न सांगता कळतो.

पण आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो तो एरेक्थिऑनच्या मुलींपाशी. त्या देवळाच्या एका ओसरीला खांबांऐवजी सहा दगडी स्त्रिया आहेत. छताचे सारे वजन त्यांच्या डोक्यावर. टेकडीवर आता त्यांच्या नकला उभ्या आहेत. अस्सल पाच इथे संग्रहालयात आहेत, सहावी लंडनला. पाचांमध्ये तिची जागा रिकामी ठेवली आहे. जग त्यांना कॅरिअटिड म्हणते, पण बांधकामाच्या त्या जुन्या हिशेबात त्यांना नुसते 'मुली' म्हटले आहे. संग्रहालयात त्यांच्याभोवती फिरता येते. मागून पाहिले की जाड वेणी दिसते. ती वेणी नुसती शोभेची नाही. मानेच्या जागी दगड बारीक झाला असता आणि वजन पेलले नसते, म्हणून वेणीने मान जाड केली आहे. हे गवंड्याने ओळखले.

मग तो तिथल्या बाकावर बसला आणि आईविषयी बोलू लागला.

गवंड्याची आई घमेले वाहायची. गावाहून मुंबईला आल्यावर रोज सकाळी नाक्यावर उभे राहायचे, मुकादम बोट दाखवील त्याच्यामागे जायचे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले, घमेल्यात कालवलेला माल, आणि परांचीच्या फळ्यांवरून चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत चढण. एका मे महिन्यात भर दुपारी ती घमेल्यासकट जिन्यात कोसळली. सोबतच्या बायकांनी तिला सावलीत नेले, कांदा फोडून नाकाशी धरला, पाणी मारले. संध्याकाळी मजुरी वाटताना मुकादमाने अर्ध्या दिवसाचा खाडा लावला. वर म्हणाला, माल सांडला त्याचे पैसे कापत नाही हे उपकार समज. तेव्हा गवंडी बारा वर्षांचा होता आणि त्याच जागेवर विटा देत होता. आईने मस्टरवर आंगठा उठवला आणि निम्मे पैसे घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक्यावर.

हा प्रसंग आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली तरी त्याने बाईंना कधी सांगितला नव्हता. त्याने खिशातून कांदा काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवून दिला. दोन जपानी पर्यटक आमच्याकडे पाहून पुढे गेले.

लोकशाहीची टेकडी

सात वाजता ऊन उतरले. तिकडे जूनमध्ये सूर्य पावणेनऊपर्यंत मावळत नाही. आम्ही अक्रॉपोलिसच्या पश्चिमेची निक्स टेकडी चढलो. इथे भिंती नाहीत, खांब नाहीत. एक मोठे उतरते मैदान आणि खडकातच कोरलेला पायऱ्यांचा एक चौथरा. चौथऱ्यावर वक्ता उभा राही, समोर जनता बसे. अथेन्सची लोकसभा ती हीच. काही ठरावांना सहा हजार मते लागत. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सभेला येणाऱ्याला भत्ता सुरू झाला. आधी एक ओबोल, मग दोन, मग तीन. का, तर गरिबाला रोजंदारी बुडवून येणे परवडावे. हे वाचून आम्हाला त्या लोकांविषयी आदर वाटला. हक्क देऊन भागत नाही, तो बजावायला पोटाची सोय लागते, हे त्यांना कळले होते.

पण या मैदानावर बसण्याचा हक्क फक्त प्रौढ पुरुष नागरिकाला. इ. स. पू. ४५१ च्या कायद्याने नागरिक तोच, ज्याचे आई आणि बाप दोघेही अथेन्सचे. स्त्रियांना मत नव्हते, परक्यांना नव्हते, गुलामांना तर नव्हतेच. बाई म्हणाल्या, "अहो, त्या काळी आपण दोघेही इथे पाऊल टाकू शकलो नसतो. मी बाई म्हणून आणि तुम्ही परके म्हणून." आधुनिक ग्रीसमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताचा हक्क मिळाला तो १९५२ मध्ये. आपल्या आया-आज्यांनी तोवर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शाई लावून घेतली होती.

त्या चौथऱ्यासमोर बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी सांगितले होते की भारताला लोकशाही नवी नाही. भिक्खू संघांत ठराव मांडण्याचे, गणसंख्येचे, मतदानाचे नियम होते. त्याच भाषणात त्यांनी इशाराही दिला. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत. अथेन्सने ही विसंगती पाळली, गोंजारली आणि तिच्यावर संगमरवरी देवळे बांधली. समोर मावळतीच्या उजेडात पार्थेनॉन तांबूस झाले होते. ते सुंदर दिसत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

रात्रीचा वरणभात

परतताना ओमोनियाजवळच्या गल्लीत एका बांगलादेशी खाणावळीचा फलक दिसला. आठ दिवस वरणभात पोटात गेला नव्हता. मालक हिंदी बोलत होता. गरम भात, मसुरीचे वरण, मासळीचे कालवण. आम्ही इमारतीवरच्या कामगारांविषयी बोलत होतो ते ऐकून तो आमच्याजवळ येऊन बसला. त्याने मानोलाडा गावाची हकिकत सांगितली. तिथे स्ट्रॉबेरीची मोठी शेती आहे आणि बांगलादेशी मजूर फळे तोडतात. एप्रिल २०१३ मध्ये सहा-सहा महिन्यांची थकलेली मजुरी मागायला ते जमले, तेव्हा पहारा करणाऱ्या मुकादमांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तीसच्या आसपास माणसे जखमी झाली. ग्रीसच्या न्यायालयात मनासारखा निकाल न लागल्याने मजूर युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. ३० मार्च २०१७ रोजी त्या न्यायालयाने निकाल दिला की ही सक्तीची मजुरी होती आणि ग्रीस सरकार या मजुरांचे रक्षण करण्यात कमी पडले.

खाणावळवाला म्हणाला, "मजुरी मागायला गेले होते, भीक नाही." मग त्याने आमच्या ताटात आणखी भात वाढला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

खोलीवर पोहोचलो तेव्हा नातू झोपला होता. मुलीने विचारले, "काय काय पाहिलेत?" आम्ही म्हणालो, "मस्टर पाहिले." तिला काही कळले नाही. मग सगळे सांगत रात्री एक वाजला.

शेवटी एक विनंती

अथेन्सला सर्वांना जाता येणार नाही. त्याची गरजही नाही. ग्रीक माणसे आपल्याकडे येऊन गेली आहेत. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ज्या ग्रीक राजांची नावे आहेत, त्यांतला अंतिकिनि हा मॅसिडोनियाचा अँटिगोनस असे विद्वान मानतात. तेव्हा अथेन्स त्याच्याच ताब्यात होते. आपल्या कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकटाहून आलेल्या यवनांची दाने कोरलेली आहेत, आणि दाराशी एका सुताराचेही नाव आहे. मुंबईहून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत येता येते. मुलांना घेऊन जा, ती नावे दाखवा आणि सांगा की कारागिराचे नाव दगडावर कोरण्याइतके मोलाचे असते.

आणि आणखी एक करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की त्यांनी कोणकोणत्या इमारतींवर, पुलांवर, रस्त्यांवर, गिरण्यांत काम केले. ते वहीत लिहून ठेवा. गवंड्याची आई जाऊन बरीच वर्षे झाली. मुंबईला परत आल्यावर बाईंनी वहीचे नवे पान उघडले, वर आईचे नाव लिहिले आणि म्हणाल्या, "सांगा, कोणकोणत्या इमारती?" तिने तीस वर्षे घमेले वाहिले होते.

आम्हाला तीनच आठवल्या.